जीएसपी आणि जकातीतली सवलत: फायदा नेमका कुणाच्या खिशात गेला?

मस्जिदबंदर | ३ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

काल गौरी-गणपती गेले, आज जरा लिहायला वेळ मिळाला.

यंदा गणपती बसले २७ ऑगस्टला. त्याच दिवसापासून अमेरिकेत आपल्या मालावरची जादा जकात ५० टक्क्यांवर गेली. आमच्या ऑफिसात एकीकडे आरती चाललेली आणि दुसरीकडे शेठ फोन घेऊन जिन्यात. तेव्हापासून ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "२०१९ साली जीएसपी जाऊ दिलं नसतं तर आज ही वेळ आली नसती." हे साफ चूक आहे. एक तर अमेरिकेची जीएसपी योजनाच ३१ डिसेंबर २०२० ला संपली, ती सगळ्याच देशांसाठी, आणि अजून कुणी तिला पुन्हा जिवंत केलेलं नाही. दुसरं म्हणजे ही जादा जकात नेहमीच्या जकातीच्या वर बसते. खालचा मजला शून्य असला तरी वरचे ५० द्यावेच लागले असते.

पण त्या निमित्ताने जुनं सगळं आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जीएसपी म्हणजे श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या ठरावीक मालावर जकात कमी करायची किंवा माफ करायची, आणि बदल्यात (निदान कागदावर) काही मागायचं नाही. मी मस्जिद बंदरला एका लहान निर्यातदाराकडे सतरा वर्षं डॉक्युमेंटेशन बघतो. चामड्याची पाकिटं आणि बॅगा, काम सगळं धारावीत. म्हणजे मी अर्थतज्ज्ञ नाही, शिपिंग बिलं भरणारा माणूस आहे.

बॅगा-पाकिटं आधी अमेरिकेच्या जीएसपीत नव्हतीच. २०१७ च्या जुलैत आली. इथे जीएसटी लागला त्याच दिवसांत, त्यामुळे आम्हाला आनंद करायलाही फुरसत नव्हती. आमच्या एका पाकिटाचा रेट तेव्हा ६ डॉलर एफओबी (म्हणजे माल बोटीवर चढवेपर्यंतचा भाव). त्यावर तिकडची जकात ८ टक्के, म्हणजे ४८ सेंट. ती शून्य झाली. बायरचा मेल तिसऱ्या दिवशी आला. मला वाटलं अभिनंदन केलं असेल. मेलमध्ये एकच ओळ: नवीन रेट पाठवा.

त्याने ३० सेंटांची सूट मागितली, शेठ २५ वर थांबले. जकातीचे वाचलेले ४८ सेंटही बायरचेच, कारण एफओबीत जकात तोच भरतो. मग आम्हाला काय मिळालं? ऑर्डर मिळाली. आधी चीनमधून घेत होता त्यातला काही माल आमच्याकडे वळवला. शेठनी चामडं तासायचं दुसरं मशीन घेतलं, चार कारागीर वाढवले. दोन वर्षं बरी गेली.

मग २०१९. मेच्या सुरुवातीला आमचा कंटेनर न्हावाशेवाहून सुटला. तेव्हा सवलत चालू होती. ५ जूनपासून ती बंद झाली आणि हिशेब धरला जातो तो माल तिकडच्या कस्टम्समधून सुटतो त्या तारखेला, आपल्या शिपिंग बिलाच्या तारखेला नाही. बोट न्यूयॉर्कला लागली ९ जूनला. चार दिवस. नियमाप्रमाणे जकात बायरने भरली आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या पेमेंटमधून कापून घेतली. आणि ते २५ सेंट? ते परत आलेच नाहीत. सवलत गेली, सूट राहिली.

तर माझा प्रश्न असा, आणि जाणकारांनी खरंच उत्तर द्यावं: अशा योजनांनी आपल्यासारख्या देशाची निर्यात वाढते की बायरचं मार्जिन?

---

अर्थमास्तर | ४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

छान धागा. निवृत्त माणूस पहाटे उठून काय करणार, उत्तर लिहितो.

या कल्पनेमागचा माणूस राऊल प्रेबिश, अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ, अंक्टाडचे (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास परिषदेचे) पहिले सरचिटणीस. १९६४ साली जिनिव्हात त्यांनी मुद्दा मांडला: गरीब देशांना मदतीपेक्षा बाजार द्या. नवे कारखाने सुरुवातीला महाग माल काढतात, जकातीत थोडी सवलत मिळाली तर ते तग धरतील. आणि ठराव कुठे झाला? आपल्याच दिल्लीत, १९६८ च्या दुसऱ्या अंक्टाड परिषदेत. युरोप आणि जपानने १९७१ मध्ये योजना सुरू केल्या, अमेरिकेने १९७४ च्या व्यापार कायद्याखाली १ जानेवारी १९७६ पासून. गॅट या जागतिक व्यापार कराराचा मूळ नियम 'सगळ्यांना सारखी वागणूक' असा, म्हणून आधी १९७१ मध्ये दहा वर्षांची मुभा दिली आणि १९७९ मध्ये ती कायमची केली.

आता तुमच्या प्रश्नाचा आकड्यांतला भाग. २०१९ मध्ये सवलत गेली तेव्हा आपल्या वाणिज्य सचिवांनी सांगितलं होतं की जीएसपीखालची निर्यात ५.६ अब्ज डॉलर आणि जकातीतली बचत वर्षाला १९ कोटी डॉलर. भागाकार करा: साडेतीन टक्क्यांच्या आतच. म्हणून दिल्लीचा सूर होता 'फार फरक पडणार नाही'. आणि एकूण आकडा बघितला तर तसंच दिसतं. अमेरिकेला आपली निर्यात २०१८-१९ मध्ये सुमारे ५२.४ अब्ज, पुढच्या वर्षी ५३.१, आणि २०२१-२२ मध्ये ७६ अब्जांच्या वर.

पण सरासरी ही फसवी बाई आहे. मस्जिदबंदरना ८ टक्के होते, बॅगवाल्यांना आठ ते दहा, आणि कुणाला दीडच टक्का. ज्याला दीड टक्का होता त्याला कळलंही नसेल.

---

लोकलचा_दांडा | ४ सप्टेंबर, सकाळी ८:५२

सवलती म्हणजे कुबड्या. दर्जा वाढवा, ब्रँड करा, आपोआप विकेल. ५० वर्षं कुबड्या घेऊन कुणी धावतं का?

(चर्चगेट फास्ट, उभ्याने टाईप करतोय, चुका माफ.)

---

मस्जिदबंदर | ४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

दांडाभाऊ, दर्जा तोच, पाकीट तेच, कारागीर तोच. ४ जूनला विकलं जात होतं आणि ५ जूनला बायर म्हणतो महाग आहे. यात दर्जाचा काय संबंध? धारावीत एकदा चक्कर मारा, नव्वद फुटी रोडला. तिथली बॅग कुठल्या नावाचा शिक्का मारून किती पटीने विकली जाते ते बघा, मग ब्रँडबद्दल बोलू. ब्रँड करायला जे भांडवल लागतं ते त्या ४८ सेंटांतूनच साठायचं असतं, आणि ते आमच्याकडे आलेच नाहीत.

---

सीप्झकर | ४ सप्टेंबर, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितो.

जीएसपीचा धक्का २०१९ चा नाही, आमच्या लाईनला तो २००७ लाच बसला. सोन्याच्या दागिन्यांवर अमेरिकेची जकात ५.५ टक्के, जीएसपीत शून्य. पण त्या योजनेत एक मर्यादा होती: एका देशातून एका जातीचा माल ठरावीक डॉलरच्या वर गेला किंवा अमेरिकेच्या त्या मालाच्या एकूण आयातीत निम्म्याच्या वर गेला, की सवलत बंद. २०१७ मध्ये ती मर्यादा १८ कोटी डॉलर होती, दरवर्षी ५० लाखांनी वाढायची. भारतीय दागिन्यांना त्यातून माफी होती. २००७ च्या जुलैपासून ती माफी काढली. आपले पितळी दिवेही त्याच यादीत गेले, थायलंडचे दागिनेही. कारण काय, तर तुम्ही आता स्पर्धेत टिकण्याइतके मोठे झालात.

म्हणजे परीक्षेत पास झाला म्हणून पोराची फी-माफी बंद. समजू शकतो. पण मोठं कोण झालं? 'भारत' मोठा झाला. एकूण आकड्यात चार-पाच दांडगी युनिटं पुढे असतात. आमचं युनिट तेव्हा चाळीस माणसांचं. मर्यादा त्यांनी ओलांडली, सवलत आमचीही गेली.

आणि एक गंमत. बीकेसीच्या हिरे बाजारात रोज जो पैलू पाडलेला सुटा हिरा हलतो, त्यावर अमेरिकेची नेहमीची जकातच शून्य होती. जीएसपी असो नसो, त्यांना घेणं-देणं नाही. हिरा शून्यावर, आणि तोच हिरा आम्ही अंगठीत बसवला की साडेपाच टक्के. सगळी कारागिरी, सगळे हात अंगठीत लागतात.

---

अर्थमास्तर | ४ सप्टेंबर, दुपारी ३:०५

सीप्झकरांनी दोन ओळींत जे सांगितलं ते मी वर्गात तासभर सांगायचो. कच्च्याला शून्य, पक्क्याला जकात, आणि जितकी प्रक्रिया जास्त तितकी जकात चढी. हा जुना आजार आहे, जीएसपी त्यावरचंच औषध म्हणून आलं.

पण औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यातच कापड-कपडे, पादत्राणे, घड्याळं असा 'संवेदनशील' माल वगळलेला. म्हणजे जिथे जकात १५-२० टक्के, जिथे गरीब देश खरोखर विकू शकतो, तिथे सवलत नाही. जिथे नेहमीची जकातच शून्य (आपल्या बाबतीत हिरे आणि औषधं, दोन्ही आपली मोठी निर्यात) तिथे सवलतीला अर्थ नाही. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात काय ते जीएसपी. पट्टा चिंचोळा असल्यामुळेच एकूण आकड्यावर परिणाम कमी दिसतो. योजनेमुळे निर्यात वाढत नाही असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

---

अंबरनाथकर | ४ सप्टेंबर, रात्री १०:१८

इतके दिवस फक्त वाचक होतो, आज राहवलं नाही.

२०१९ मध्ये जीएसपी का गेलं हे कुणी लिहिलं नाही. दोन तक्रारी होत्या. एक अमेरिकेच्या दूधवाल्यांची: आपण म्हणतो की ज्या जनावरांना मांस-रक्ताचं खाद्य दिलेलं नाही त्यांच्याच दुधाचे पदार्थ आत येतील, तसा दाखला आणा. दुसरी वैद्यकीय उपकरणवाल्यांची: आपण स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६० रुपये असा दर बांधून दिला. त्याआधी लेपवाला लाखाच्या वर जायचा. या दोन तक्रारींवरून अमेरिकेने एप्रिल २०१८ मध्ये फेरतपासणी जाहीर केली, मार्च २०१९ मध्ये नोटीस, जूनमध्ये बंद.

माझ्या वडिलांना २०१८ च्या डिसेंबरात दोन स्टेंट बसवले. मी तेव्हा कंत्राटी नोकरीत. जुना दर असता तर एकच बसवून घेऊ, दुसऱ्याचं पुढे बघू, असं मी म्हटलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. वडील आज सकाळी शिवमंदिरापर्यंत चालत जाऊन आले.

मस्जिदबंदर, तुमच्या चार कारागिरांचं वाईट वाटतं. पण मला विचाराल तर सरकारने स्टेंटचा दर सोडला नाही ते बरोबर केलं.

---

मस्जिदबंदर | ५ सप्टेंबर, रात्री १२:४०

अंबरनाथकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर मला काय वाद घालायचा? वडिलांना नमस्कार सांगा.

चारपैकी दोघं २०१९ च्या दिवाळीनंतर गेले. एक आता कुर्ल्याला रिक्षा चालवतो, भेटतो अधूनमधून. त्याला मी सांगणार नाही की तुझी नोकरी स्टेंटमुळे गेली. सांगितलं तरी त्याला कळणार नाही आणि कळलं तरी पटणार नाही. मलाच धड पटत नाही की दुधाच्या दाखल्याचा पाकिटाशी काय संबंध.

---

अर्थमास्तर | ५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

संबंध एवढाच की देणाऱ्याच्या हातात दोरी असते. 'बदल्यात काही मागायचं नाही' हे तत्त्व, पण कुणाला द्यायचं आणि कुणाचं काढायचं हे देणारा एकट्याने ठरवतो. १९९२ मध्ये पेटंटच्या वादात अमेरिकेने आपल्या औषध-रसायनांची सवलत काढली होती. बांगलादेशची २०१३ मध्ये काढली, राणा प्लाझा कोसळून अकराशेवर कामगार गेले त्यानंतर. युरोपने श्रीलंकेची जादा सवलत २०१० मध्ये मानवी हक्कांवरून काढली, २०१७ मध्ये परत दिली. कारणं चांगली असतील, वाईट असतील, पण करार आणि खैरात यांतला फरक हाच. करारात तुम्हाला दाद मागता येते.

खैरातीतही एकदा आपण दाद मागितली होती बरं का. युरोपने अंमली पदार्थांशी लढणाऱ्या देशांना म्हणून वेगळी जादा सवलत ठेवली आणि २००२ मध्ये त्यात पाकिस्तानला घेतलं. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला. एप्रिल २००४ मध्ये अपील मंडळाने म्हटलं: वेगवेगळ्या देशांना वेगवेगळी सवलत देता येईल, पण निकष वस्तुनिष्ठ हवेत आणि यादी बंद ठेवता येणार नाही. आपण जिंकलो. युरोपने योजना नव्याने बांधली, त्यातून जीएसपी प्लस ही जादा सवलतीची योजना आली. आणि २०१४ च्या जानेवारीपासून पाकिस्तान त्या नव्या दारातून आत! खटला जिंकून घर शेजाऱ्याला, अशातली गत.

---

पोह्यावरचं_खोबरं | ५ सप्टेंबर, सकाळी ९:०१

मास्तर, शेवटच्या वाक्यावर ट्रेनमध्ये एकटाच हसलो, समोरच्या काकांनी सरकून बसायला जागा दिली. चालू द्या. 🍿

---

शिलाईमशीन | ५ सप्टेंबर, रात्री ९:४५

मी लोअर परळला एका गारमेंट कंपनीत मर्चंडायझर आहे. ऑफिस जिथे आहे तिथे पूर्वी गिरणी होती, माझे आजोबा त्याच आवारात साचेवाले होते. असो, अवांतर झालं.

युरोपचं २०२५ चं गणित मांडते. कॉटन शर्टवर युरोपची नेहमीची जकात १२ टक्के. आपण साध्या जीएसपीत, त्यात कपड्यांना पाचवा हिस्सा सूट, म्हणजे ९.६ टक्के. पाकिस्तान जीएसपी प्लसमध्ये: शून्य. बांगलादेश अतिअविकसित देश म्हणून, शस्त्रं सोडून सर्व काही माफ असलेल्या २००१ च्या योजनेत: शून्य. आता बायर तुमच्यासमोर तीन कोटेशन ठेवतो. ढाक्याचं आणि आपलं एफओबी सारखं असलं तरी त्याच्या गोदामात आपला शर्ट ९.६ टक्के महाग पडतो. आमच्या धंद्यात निव्वळ नफा चार-पाच टक्के सुटला तर पेढे वाटतात. ९.६ कुठून आणायचे?

तेव्हा 'सवलतीने निर्यात वाढते का' याचं जिवंत उत्तर बघायचं तर ढाका बघा. पण नुसती सवलत नाही. २०११ च्या जानेवारीपासून युरोपने अतिअविकसित देशांसाठी उगमाचा नियम सैल केला. आधी सूत-कापडापासूनच्या दोन पायऱ्या त्याच देशात व्हाव्या लागत. आता कापड कुठलंही आणा, शिवलं ढाक्यात की माल बांगलादेशी. त्यानंतर विणलेल्या कापडाच्या शर्ट-पँटला खरा जोर आला. दहा-बारा टक्के सवलत आधीही होती, पण नियम पाळता येत नव्हता म्हणून ती कागदावरच राहायची.

मजा अशी की त्यांच्या शर्टात सूत बऱ्याचदा आपलं. आपल्या गिरण्यांचं सूत सीमेपलीकडे जातं, शिवून युरोपात शून्य जकातीने उतरतं. म्हणजे बांगलादेशच्या सवलतीत आपल्या सूतवाल्यांचाही वाटा आहे, फक्त शिलाईवाल्या बाया आपल्या नाहीत. या एप्रिलमध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांवरून घ्यायचं बंद केलं. मेमध्ये आपण त्यांचे तयार कपडे नाक्यांवर बंद केले, यायचे तर न्हावाशेवा किंवा कोलकाता बंदरातून या म्हटलं. शेजारच्या घरातून साखर मागायला आधी बोटीने उरणला जा!

बांगलादेश पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२६ मध्ये, अतिअविकसित यादीतून बाहेर पडायचा आहे. युरोप त्यानंतर तीन वर्षं सवलत चालू ठेवणार आहे. त्यामुळे लगेच ऑर्डरी इकडे वळतील अशी स्वप्नं आमचे डायरेक्टर बघतात, मी नाही बघत.

---

लोकलचा_दांडा | ५ सप्टेंबर, रात्री १०:३०

शिलाईताई, पटलं. कुबड्यावाला प्रतिसाद मागे घेतो. निदान अर्धा.

पण मग ब्रिटनशी करार झालाय ना जुलैमध्ये? त्यात कपड्यांना शून्य आहे ऐकलं.

---

शिलाईमशीन | ५ सप्टेंबर, रात्री १०:५२

हो, २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. लागू झाला की ब्रिटनपुरते आपण ढाक्याच्या पंगतीत. दांडादादा, उरलेला अर्धाही मागे घ्या.

---

सीप्झकर | ६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

आज अनंत चतुर्दशी, सुट्टी. लालबागचा राजा निघायच्या आत एक मुद्दा लिहून टाकतो.

मस्जिदबंदरच्या मूळ प्रश्नाकडे कुणी परत गेलंच नाही. खिसा कुणाचा? आमच्याकडे दोन प्रकारचे बायर होते. मोठ्या साखळी दुकानवाला: तो सवलत पूर्ण कापायचा, कारण त्याच्यापुढे आमच्यासारखी पन्नास युनिटं रांगेत. आणि एक लहान बायर होता, त्याला आमचं मीनाकारीचं कामच हवं असायचं. त्याने कधी जकातीचा विषयच काढला नाही, त्याला बहुतेक तो विषय माहीतही नव्हता. त्या मालात सवलत चालू असताना आमचा रेट उलट वाढला होता.

---

अर्थमास्तर | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२५

अगदी मर्मावर बोट. ज्याच्याकडे पर्याय जास्त, सवलत त्याच्या खिशात.

आफ्रिकेसाठी अमेरिकेची आगोआ नावाची योजना २००० साली आली. कपड्यांना शून्य जकात, आणि गरीब सदस्य देशांना कापड कुठूनही आणायची मुभा. लेसोथोसारख्या इवल्या देशात त्यावर शिलाईचे कारखाने उभे राहिले. ओलारेआगा आणि ओझ्देन या दोघांनी २००५ मध्ये या योजनेतल्या कपड्यांच्या किमती तपासल्या, तेव्हा जकातीतल्या सवलतीचा साधारण एक तृतीयांश हिस्साच निर्यातदाराच्या किमतीत उतरलेला दिसला. बाकी खरेदीदाराकडे. म्हणजे मस्जिदबंदरचे शेठ काही बावळट नव्हेत. उलट त्यांच्या हाती तृतीयांशही लागला नाही, तो सगळा ऑर्डरीच्या रूपात आला.

त्याच ओझ्देननी राइनहार्ट यांच्यासोबत आणखी एक खोचक गोष्ट दाखवली. अमेरिकेच्या जीएसपीतून जे देश बाहेर पडले त्यांनी पुढे आपल्या स्वतःच्या जकाती जास्त कमी केल्या, जे आत राहिले त्यांनी कमी. तर्क असा: फुकट बाजार मिळत असेल तर निर्यातदार आपल्या सरकारच्या मागे लागत नाहीत की तुम्हीही दारं उघडा आणि करार करा. सवलत गेली की हेच लोक दिल्लीच्या पायऱ्या झिजवतात. आपल्याकडे गेल्या पाच वर्षांत करारांची जी घाई दिसते तिच्यात याचा वाटा नसेल असं मी म्हणणार नाही.

आणि आपण फक्त घेणारे नाही. २००८ पासून भारतही अतिअविकसित देशांना अशी सवलत देतो, आता ९८ टक्क्यांवर मालप्रकारांना. तेव्हा उद्या आफ्रिकेतला एखादा काजूवाला असाच धागा काढून मुंबईच्या बायरच्या नावाने बोटं मोडत असेल.

---

गोधडीवाली | ७ सप्टेंबर, सकाळी ११:३५

मोठ्या लोकांच्या चर्चेत लहान प्रश्न. मी डोंबिवलीहून हाताने शिवलेल्या गोधड्या जर्मनीतल्या एका दुकानाला पाठवते, वर्षातून तीन-चार खोकी. दरवेळी साधारण दोन हजार युरोचा माल. दुकानवाली म्हणते तुमच्या इन्व्हॉइसवर काहीतरी वाक्य लिहा, मला जकात कमी पडेल. माझा एजंट म्हणतो, ताई, आपल्या भानगडीत ते बसत नाही, मोठ्या कंपन्यांचं काम आहे. खरं काय?

---

मस्जिदबंदर | ७ सप्टेंबर, दुपारी १२:२०

ताई, एजंटला सांगा भानगड अजिबात नाही. पूर्वी फॉर्म ए नावाचा दाखला लागायचा, त्यासाठी फेऱ्या, शिक्का, सही, फी. अडीच टक्के सवलतीसाठी तेवढे उपद्व्याप कोण करणार, म्हणून लहान लोक हक्काची सवलत सोडून द्यायचे. युरोपसाठी २०१७ पासून आपल्याकडे रेक्स पद्धत आली: निर्यातदाराने एकदा नोंदणी करायची, नंबर घ्यायचा आणि इन्व्हॉइसवर स्वतःच लिहायचं की माल भारतीय उगमाचा आहे. आणि ६,००० युरोपर्यंतच्या मालाला तो नंबरही लागत नाही. वाक्याचा मसुदा ठरलेला आहे, शब्द इकडचा तिकडे करू नका.

दोन गोष्टी मात्र बघा. एक, तुमच्या एचएस कोडवर (मालाच्या जातीचा कस्टम्समधला क्रमांक) आज सवलत आहे का आणि किती, हे युरोपीय आयोगाच्या ॲक्सेस टू मार्केट्स या वेबसाईटवर कोड टाकून तपासा. दुकानवालीकडूनही लेखी घ्या, कोड तिकडच्या कस्टम्सने मान्य केलेलाच हवा. दोन, उगम. वरचं कापड, अस्तर, आतलं भरण, दोरा, कुठून येतं त्याची बिलं जपून ठेवा. भरण चिनी पॉलिस्टरचं असेल तर आधी त्या कोडचा नियम वाचा. विचारणा दोन वर्षांनीही येऊ शकते.

आणि वाक्य लिहायच्या आधी रेट ठरवा. तिची जकात वाचणार आहे हे तिला माहीत आहे, म्हणूनच ती मागतेय. गोधडीमागे निदान एक-दोन युरो वाढवून मागा. मी २०१७ मध्ये शेठना हे सांगायला हवं होतं.

---

गोधडीवाली | ७ सप्टेंबर, दुपारी १:०५

बाप रे, किती सोपं करून सांगितलंत. रेटचं आजच लिहिते तिला.

पण दादा, अडचण अशी की भरण चिनी नाही, भरण जुन्या साड्यांचं आहे. आसपासच्या बायका घरातल्या आणून देतात, काही मी बोहारणीकडून घेते. मागच्या खोक्यात एक माझ्या आजीची इरकल होती. तिचं बिल कुठून आणू?

---

अर्थमास्तर | ७ सप्टेंबर, दुपारी २:४०

युरोपच्या नियमांत 'संपूर्णपणे त्या देशात मिळवलेला माल' अशी यादी आहे. त्यात खनिजं, भाज्या, तिथेच जन्मलेली जनावरं यांच्याबरोबर एक कलम आहे: त्या देशात गोळा केलेल्या वापरलेल्या वस्तू, पण कच्चा माल म्हणून वापरण्याखेरीज ज्यांचा दुसरा उपयोग उरलेला नाही अशा.

आजीची इरकल त्यात बसते का, म्हणजे ती नेसण्यालायक उरली नव्हती का, हे तुम्हीच ठरवा.

---

गोधडीवाली | ७ सप्टेंबर, दुपारी २:५८

मास्तर, पदर जीर्ण होता, काठ अजून धडधाकट. काठ मी ठेवून घेतलाय.